रोजच्या फोटोंसाठी झूम लेन्स: १८-५५ नंतर कोणती घ्यावी?

धागाकर्ती

नमस्कार मंडळी,

गेली चार वर्षे मी सोनीच्या ई-माउंटचा (लेन्स जोडण्याची सोनीची पद्धत), २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी (फुलफ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) मिररलेस कॅमेरा वापरते आहे आणि त्यावर सुरुवातीपासून एकच लेन्स आहे, ती म्हणजे १८-५५ मिमी एफ/३.५-५.६ (१८ ला रुंद दृश्य मावते, ५५ ला दूरचे जवळ येते). कॅमेऱ्याच्या बॉडीत स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) नाही, लेन्समध्ये आहे. या लेन्सबद्दल माझी तक्रार नाही. दिवसाउजेडी तिने मला मनासारखे फोटो दिले, आणि फोटोग्राफीचे जे काही थोडेफार मला कळते ते तिच्यावरच शिकले.

पण आता तिची मर्यादा रोज जाणवू लागली आहे. मागच्या आठवड्यात संध्याकाळी आई खिडकीपाशी बसून सुईत दोरा ओवत होती. चष्मा कपाळावर सरकवलेला, दोऱ्याचे टोक ओठांत ओले करून पुन्हा पिळलेले, आणि सुई डोळ्यांपासून चार बोटांवर धरलेली. मी दाराशी उभी होते. ५५ वर झूम केले, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) १६०० ठेवला होता, आणि कॅमेऱ्याने शटर स्पीड १/३० सेकंद दाखवला. फोटोत भिंत, खिडकीची चौकट, कपाळावरचा चष्मा सगळे स्वच्छ आले, फक्त बोटे पुसट आली. जे टिपायचे होते तेच नेमके हातचे गेले.

माझे फोटो असेच असतात: घरातली माणसे, अंगणातली झाडे, फिरायला गेल्यावर दिसणारे रस्ते आणि दारे-खिडक्या, वर्षातून एक-दोन प्रवास. पक्षी किंवा खेळांचे सामने मी टिपत नाही. कॅमेरा रोज पिशवीत असतो आणि लेन्स बदलत बसण्याची मला सवय नाही, त्यामुळे एकच झूम लेन्स घ्यावी असा विचार आहे. आतापर्यंत चार पर्याय डोळ्यांसमोर आहेत: सोनीची १८-१३५ एफ/३.५-५.६, टॅमरॉनची १७-७० एफ/२.८, सिग्माची १८-५० एफ/२.८ आणि टॅमरॉनची १८-३०० एफ/३.५-६.३. प्रत्येकीची परीक्षणे वाचली की तीच योग्य वाटते. निवड कोणत्या निकषावर करावी हे जाणकारांनी सांगावे ही विनंती.

प्रतिसाद १

आपण सांगितलेल्या प्रसंगातच आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे, म्हणून त्याच फोटोचा हिशेब मांडतो.

एफ/५.६ वरून एफ/२.८ वर आलो की ॲपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाश आत येण्याचे छिद्र, दोन स्टॉप उघडते (दर स्टॉपला प्रकाश दुप्पट; एफचा आकडा लहान तितके छिद्र मोठे), म्हणजे सेन्सरवर चौपट प्रकाश पडतो. त्याच खोलीत, त्याच आयएसओ १६०० वर, १/३० ऐवजी आपल्याला १/१२५ मिळाला असता. सुईत दोरा ओवणारी बोटे १/३० ला हलतात, १/१२५ ला बहुतेक वेळा स्थिर येतात. हाच वेग मिळवायला आपल्या आताच्या लेन्सवर आयएसओ ६४०० करावा लागला असता. आजचे सेन्सर तेवढे सहन करतात, पण अंधाऱ्या भागात दाणे येतात आणि त्वचेचा पोत सपाट होतो.

लेन्सच्या नावात एफ/३.५-५.६ असे दोन आकडे असतात तेव्हा पहिला आकडा सर्वांत रुंद बाजूचा आणि दुसरा सर्वांत लांब बाजूचा असतो. झूम करत गेलो की प्रकाश कमी होत जातो. माणसांचे फोटो आपण बहुधा लांब बाजूला काढतो, म्हणजे जिथे प्रकाश सर्वाधिक हवा तिथेच तो सर्वांत कमी मिळतो. स्थिर ॲपर्चरच्या झूममध्ये ही अडचण येत नाही. एफ/२.८ म्हटले की ते १८ लाही आणि ५० लाही एफ/२.८ च असते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण तिच्याबद्दल फार गैरसमज असतो. स्टॅबिलायझेशन फक्त आपल्या हाताची थरथर सावरते, समोरच्या माणसाची हालचाल ते थांबवू शकत नाही. आपल्या फोटोत भिंत स्वच्छ आणि बोटे पुसट आली ती याचमुळे. माझ्या मते आपल्या यादीतून १८-१३५ आणि १८-३०० या दोन्ही इथेच बाद होतात.

प्रतिसाद २

वरील हिशेब बरोबर आहे, पण दोन लेन्स इतक्या चटकन बाद कराव्यात असे मला वाटत नाही. मी गेली अनेक वर्षे अशीच मोठ्या पल्ल्याची झूम वापरतो आहे आणि समाधानी आहे.

टॅमरॉनने १९९२ मध्ये २८-२०० मिमीची लेन्स आणली तेव्हापासून या प्रकाराला लोक तडजोड म्हणत आले आहेत, आणि त्या काळी त्यात तथ्यही होते. आजची १८-३०० त्या मानाने फार पुढे गेलेली आहे. फोटो काढताना माझ्यासमोर पुढच्या क्षणी काय येईल हे मला माहीत नसते. समोर दरी असते तेव्हा १८ हवी असते आणि दरीपलीकडच्या कड्यावर चढणारा माणूस दिसला की ३०० हवी असते. या दोन क्षणांत अर्ध्या मिनिटाचेही अंतर नसते. ज्यांना लेन्स बदलायची नाही त्यांनी हा मुद्दा गांभीर्याने विचारात घ्यावा.

शिवाय ही लेन्स रुंद बाजूला १५ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाऊन फोकस करते आणि तिथे १:२ विस्तार देते, म्हणजे दोन सेंटिमीटरची पाकळी सेन्सरवर एक सेंटिमीटरची उमटते. अंगणातल्या झाडांचा उल्लेख आपणच केला आहे. मात्र लेन्स इतकी जवळ आली की तिची सावली फुलावर पडते, तेव्हा उजेड बाजूने येईल असे उभे राहावे लागते.

घरातल्या मंद प्रकाशात ती कमी पडते हे मान्यच आहे. आपले किती फोटो त्या प्रकाशातले असतात, एवढेच पाहावे.

प्रतिसाद ३

वरच्या प्रतिसादातले शेवटचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. लेन्सची परीक्षणे वाचण्याआधी स्वतःचे फोटो वाचावेत.

प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये एक्झिफ माहिती असते. त्यात फोकल लेंग्थ (१८, ५५ हे मिलिमीटरचे आकडे), ॲपर्चर, शटर स्पीड आणि आयएसओ हे सगळे नोंदलेले असते. लाइटरूम असेल तर त्यात फोकल लेंग्थनुसार फोटो गाळून पाहता येतात, आणि डिजिकॅम हे मोफत सॉफ्टवेअरही ते काम करते. गेल्या दोन वर्षांतले फक्त तेच फोटो घ्या जे आपण जपून ठेवले, कुणाला पाठवले किंवा छापून घेतले. काढलेले सगळे फोटो मोजले तर हिशेब फसतो, कारण लांब बाजूला आपण उगाचच चार-पाच जास्त काढतो आणि नंतर पुसून टाकतो.

मोजून झाले की दोन्ही टोके पाहा. बहुतेकांचे फोटो १८ आणि ५५ या दोन टोकांना साचलेले असतात आणि मधल्या आकड्यांवर विखुरलेले असतात. इथे घाईने निष्कर्ष काढू नये. ५५ वर पुष्कळ फोटो आहेत म्हणजे तुम्हाला १३५ किंवा ३०० हवी आहे असे लगेच ठरत नाही. त्यातले वीस-पंचवीस फोटो उघडा आणि प्रत्येकापाशी स्वतःला विचारा की इथे मी दोन पावले पुढे जाऊ शकले असते का. समोर आई बसलेली असेल तर उत्तर हो असते आणि झाडाच्या शेंड्यावरचे घरटे असेल तर नाही. १८ वरच्या फोटोंपाशी उलटा प्रश्न विचारायचा: मागे सरकायला जागा होती का? हे काम तासाभराचे आहे, पण त्यानंतर निर्णय बहुधा आपोआप होतो.

धागाकर्ती

तिन्ही प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. काल रात्री बसून फोटो मोजले. जपून ठेवलेल्या फोटोंपैकी निम्म्याच्या आसपास १८ ते २४ च्या दरम्यान निघाले, आणि त्यातले बरेचसे अगदी १८ वरचे आहेत. त्यानंतरचा मोठा ढीग ५५ चा. सांगितल्याप्रमाणे ५५ चे पंचवीस फोटो एकेक करून उघडले. त्यांपैकी चार फोटोंतच समोरची वस्तू माझ्या आवाक्याबाहेर होती. उरलेल्यांत माणसे आहेत, आणि खरे सांगायचे तर मी जवळ जायला संकोचले म्हणून झूम केले होते. हे स्वतःबद्दल नव्यानेच कळले.

१८ च्या फोटोंत मात्र चित्र वेगळे आहे. अरुंद खोली, जिना, गल्ली. पाठ भिंतीला टेकलेली असताना काढलेले फोटो बरेच आहेत.

आयएसओसुद्धा पाहिला. घरातले फोटो माझ्या अंदाजापेक्षा पुष्कळ जास्त निघाले. प्रवासातले मला जास्त वाटत होते, कारण ते एकदम काढलेले असतात आणि लक्षात राहतात.

प्रतिसाद ४

असे असेल तर आपण लेन्सच्या डाव्या आकड्याकडे उजव्यापेक्षा जास्त लक्ष द्यावे, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

लांब बाजू कमी पडली तर फोटो कापून घेता येतो. आपला कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आहे. ५० मिमीवर काढलेला फोटो ७५ मिमीच्या चौकटीइतका कापला तर सुमारे १०.७ मेगापिक्सेल उरतात, आणि ए४ आकाराची ३०० डीपीआयची (दर इंचाला ३०० ठिपक्यांची) छपाई ८.७ मेगापिक्सेलमध्ये होते. म्हणजे ५० आणि ७० यांमधली दरी छापील फोटोतही भरून निघते. याला मर्यादा अर्थातच आहे. ७० वरून १३५ पर्यंत कापले तर साडेसहा मेगापिक्सेल उरतात, आणि ५० च्या फोटोतून ३०० ची चौकट काढायला गेलात तर हाती काहीच लागत नाही.

रुंद बाजू कमी पडली तर मात्र उपाय नाही. चौकटीबाहेर राहिलेला जिना नंतर आत आणता येत नाही. दोन-तीन फोटो जोडून एक करता येतो, पण मधून मूल धावत गेले की जोड फसते. एपीएस-सी सेन्सरवर १८ मिमीला कर्णावर सुमारे ७६ अंशांचा कोन मिळतो, १७ ला ७९ आणि १६ ला ८३. लांब बाजूला ७० चे ७१ झाले तर कुणाच्या लक्षातही येणार नाही, पण रुंद बाजूला एकेक मिलिमीटर तीन-तीन अंश देतो. भिंतीला पाठ टेकलेल्या माणसाला त्या तीन अंशांची किंमत कळते.

या कारणासाठी सोनीची १६-५५ एफ/२.८ देखील पाहावी असे सुचवतो. तिचे वजन ४९४ ग्रॅम आहे. तिच्यात स्टॅबिलायझेशन नाही आणि आपल्या बॉडीतही नाही, हे ध्यानात ठेवावे.

प्रतिसाद ५

मी थोडा वेगळा मुद्दा मांडते. मागची पार्श्वभूमी धूसर यावी म्हणून एफ/२.८ हवी, असे पुष्कळ जण सांगतात. आपण ते म्हटलेले नाही, पण दुकानात गेल्यावर हे वाक्य हमखास कानावर पडेल, म्हणून लिहिते.

दूरची पार्श्वभूमी किती विरघळेल हे एफच्या आकड्यापेक्षा ॲपर्चरच्या प्रत्यक्ष व्यासावर ठरते. फोकल लेंग्थला एफच्या आकड्याने भागले की तो व्यास मिळतो. ७० मिमी एफ/२.८ ला २५ मिमी, १३५ मिमी एफ/५.६ ला २४ मिमी. म्हणजे चेहरा चौकटीत तेवढाच मोठा ठेवला तर या दोन लेन्सवर दूरची झाडे जवळपास सारखीच विरघळतील. ५० मिमी एफ/२.८ ला हा व्यास १८ मिमी भरतो आणि आपल्या आताच्या लेन्सवर ५५ ला १० मिमीच्या आत.

म्हणून मैदानात, बागेत, मोकळ्या जागी १८-१३५ ही एफ/२.८ च्या झूमला या बाबतीत हार जात नाही. फरक पडतो तो घरात. १३५ ने तेवढाच चेहरा घ्यायचा तर जवळजवळ दुप्पट मागे जावे लागते, आणि खोलीत तेवढी जागा नसते. शिवाय प्रकाश चौपट कमी असतो तो असतोच. धूसर पार्श्वभूमीसाठी नव्हे, तर संध्याकाळच्या उजेडासाठी एफ/२.८ घ्यावी. आपली गरज दुसरीच आहे, त्यामुळे निवड त्याच अंगाने करावी.

प्रतिसाद ६

वजनाबद्दल अजून कुणी सविस्तर लिहिलेले नाही आणि माझ्या अनुभवात रोजच्या फोटोग्राफीत सर्वांत निर्णायक तेच ठरते.

१८-५० चे वजन २९० ग्रॅम, १८-१३५ चे ३२५, १७-७० चे ५२५ आणि १८-३०० चे ६२०. आपल्या १८-५५ चे २०० ग्रॅमच्या आत आहे. दुकानात दोन मिनिटे हातात धरून यातला फरक कळत नाही. तो कळतो तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, जेव्हा सकाळी घाईत पिशवी भरताना पाण्याची बाटली, छत्री आणि कॅमेरा यांपैकी काहीतरी बाहेर काढावे लागते. मी स्वतः एकेकाळी फुलफ्रेमची (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याची) २४-७० एफ/२.८ वापरत होतो. तिच्यावर काढलेले फोटो आजही माझे सर्वांत देखणे फोटो आहेत, आणि त्याच काळात मुलाचे रोजचे फोटो सर्वांत कमी निघाले. कॅमेरा कपाटात राहायचा. त्या दोन वर्षांतले मुलाचे शाळेत जाताना-येतानाचे फोटो माझ्याकडे जवळपास नाहीतच, आणि याची हळहळ मला अजून वाटते.

वजनासोबत लांबीही पाहावी. लेन्स आखूड असेल तर कॅमेरा पिशवीत आडवा मावतो आणि काढताना अडकत नाही. समोरचा माणूसही मोठी लेन्स दिसली की ताठ होतो. आई-वडील, मुले, शेजारी यांचे फोटो काढताना हा मुद्दा लहान नाही.

एक सूचना न विचारता देतो. पुढे कधीतरी फुलफ्रेम घेऊ म्हणून आत्ताच फुलफ्रेमची २४-१०५ घेण्याचा सल्ला आपल्याला कुणीतरी देईलच. एपीएस-सीवर ती फुलफ्रेमच्या ३६-१५७ सारखी वागते. आपले निम्मे फोटो ज्या रुंद बाजूचे आहेत ती बाजूच तिच्यात उरत नाही आणि वजन ६६३ ग्रॅम होते. लेन्स आज हातात असलेल्या कॅमेऱ्यासाठी घ्यावी.

प्रतिसाद ७

झूमचा विचार बाजूला ठेवून ३५ मिमी एफ/१.८ ची प्राइम (झूम नसलेली, एकाच फोकल लेंग्थची लेन्स) घ्यावी आणि १८-५५ तशीच ठेवावी, हाही मार्ग आहे. ई-माउंटची ३५ मिमी एफ/१.८ फक्त १५४ ग्रॅमची आहे, तिच्यात स्टॅबिलायझेशनही आहे आणि एफ/२.८ पेक्षाही ती दुपटीहून जास्त प्रकाश देते.

धागाकर्ती

प्राइमचा विचार मी केला होता. पण लेन्स बदलण्याची सवय नसल्याने ३५ मिमी कॅमेऱ्यावर आणि १८-५५ घरी, असेच होईल आणि रुंद बाजूचे फोटो हातचे जातील, म्हणून तो मार्ग सोडला.

आता १७-७० आणि १८-५० या दोघींतच निवड उरली आहे. १६-५५ मनात होती, पण तिच्या वजनात मला १७-७० मिळते आणि तिच्यात स्टॅबिलायझेशनही आहे. शेवटच्या दोघींत मात्र मन सारखे हेलकावे खाते आहे. १७-७० कडे रुंद बाजूचा तो एक मिलिमीटर आणि स्टॅबिलायझेशन आहे, तर १८-५० कडे वजन. बॉडीत आणि लेन्समध्ये, दोन्हीकडे स्टॅबिलायझेशन नसेल तर रोजच्या वापरात किती अडते?

प्रतिसाद १

हात किती हलतो याचा जुना ठोकताळा असा आहे की फुलफ्रेमच्या हिशेबाने जी फोकल लेंग्थ येईल, तिच्या व्यस्ताइतका तरी शटर स्पीड ठेवावा. ५० मिमीला एपीएस-सीवर तो ७५ होतो, म्हणजे १/८० च्या आसपास. १८ मिमीला १/३० पुरतो. आपण माणसे टिपता आणि माणसांसाठी आपल्याला एरवीही १/१२५ किंवा त्याहून वेगवान शटर लागणार आहे. त्यामुळे स्टॅबिलायझेशनची उणीव त्या फोटोंत जाणवणार नाही. ती जाणवेल संध्याकाळच्या निर्जन रस्त्याचा, दिव्याखालच्या दाराचा फोटो काढताना, जिथे काहीच हलत नसते आणि १/८ सेकंद चालला असता. असे फोटो आपल्या संग्रहात किती आहेत ते पुन्हा मोजावे. व्हिडिओ चालत चालत काढत असाल तर मात्र १७-७० च घ्यावी.

प्रतिसाद ८

निर्णय कोणताही होवो, लेन्स हाती आल्यावर पहिल्या दोन दिवसांत तपासून घ्या, विशेषतः वापरलेली घेणार असाल तर. मी एकदा एका वापरलेल्या झूमच्या बाबतीत फसलो आहे. विकणाऱ्याने पाठवलेले नमुन्याचे फोटो सगळे चेहऱ्यांचे होते, चेहरा मधोमध आणि बाकी सारे धूसर. तीन महिन्यांनी एका सहलीत मोठ्या गटाचा फोटो काढला, तेव्हा डाव्या बाजूला उभ्या असलेल्या तिघांचे चेहरे मऊ आले. आधी वाटले की माझाच फोकस चुकला. नंतर जुने फोटो उघडून पाहिले तर प्रत्येकात डावी कड तशीच. आतला एखादा भिंगांचा गट किंचित तिरका बसलेला होता. तोवर परत करण्याची मुदत उलटून गेली होती.

तपासणी सोपी आहे. बारीक मजकूर असलेला एकच कागद, किंवा दूरवर गच्चीवरच्या अँटेनासारखी बारीक तपशिलाची वस्तू घ्या. कॅमेरा तिपाईवर ठेवा, ॲपर्चर पूर्ण उघडे ठेवा आणि ती वस्तू चौकटीच्या चारही कोपऱ्यांत आळीपाळीने आणून फोटो काढा. हे रुंद टोकाला, मध्ये आणि लांब टोकाला, असे तीनदा करा. चारही कोपरे मधल्यापेक्षा थोडे मऊ असणे स्वाभाविक आहे. एकच कोपरा किंवा एकच बाजू बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे मऊ असेल तर लेन्स परत करावी. वापरलेल्या लेन्समधून टॉर्चचा उजेड तिरपा टाकून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी असते. लेन्स खाली तोंड करून धरल्यावर झूमची नळी आपोआप बाहेर सरकते का, तेही पाहावे.

प्रतिसाद २

धागाकर्तीने फोटो मोजून जी माहिती दिली त्यानंतर मीही माझा आग्रह मागे घेतो. त्यांच्या पंचवीस फोटोंत चारच आवाक्याबाहेरचे असतील तर ३०० मिमीचे वजन रोज वाहण्यात अर्थ नाही. माझे स्वतःचे फोटो मात्र मी काल मोजले आणि माझ्याकडे निम्म्याहून जास्त १०० च्या पुढचे आहेत, त्यामुळे माझी लेन्स माझ्यासाठी योग्यच आहे.

धागाकर्ती

एका मैत्रिणीकडे १७-७० होती, ती चार दिवस वापरून पाहिली. लेन्स अतिशय आवडली. पण चार दिवसांपैकी दोन दिवस मी कॅमेरा घरी ठेवून बाहेर पडले हे तिसऱ्या रात्री लक्षात आले, आणि प्रतिसाद ६ आठवला. निर्जन रस्त्यांचे, तिपाईसारख्या स्थिर हाताचे फोटो माझ्या संग्रहात मोजकेच निघाले. शेवटी १८-५० घेतली. तो एक मिलिमीटर सोडून द्यावा लागला याचे थोडे वाईट वाटते आहे. जिन्यात ते जाणवेल. चारही कोपरे तपासले, सारखे आहेत.

काल संध्याकाळी आई पुन्हा त्याच खिडकीपाशी बसली होती. या वेळी संकोच न करता मीटरभर अंतरावर जाऊन बसले. ५० मिमी, एफ/२.८, आयएसओ १६००, १/१२५. बोटे अगदी स्वच्छ आली, दोऱ्याचा पीळसुद्धा दिसतो आहे. पण आता आईचे डोळे मऊ आले. फोकस सुईवर होता. एफ/२.८ ला हा त्रास नेहमीच होतो का?

प्रतिसाद ५

होय, एवढ्या जवळून होतो. ५० मिमी, एफ/२.८ आणि एक मीटर अंतर असेल तर सुमारे साडेचार सेंटिमीटर खोलीच स्पष्ट येते. सुई डोळ्यांपासून चार बोटांवर आहे, म्हणजे सात सेंटिमीटर तरी. एफ/५.६ केले तर नऊ सेंटिमीटर मिळतील, पण मग शटर स्पीड पुन्हा १/३० वर येईल. त्यापेक्षा मागे सरका. दोन मीटरवरून त्याच एफ/२.८ ला सुमारे १८ सेंटिमीटर खोली मिळते. फोकस डोळ्यांवर ठेवला तरी सुई त्यात येते. चौकट मोठी वाटली तर कडा थोड्या कापून घ्या, तेवढे मेगापिक्सेल आपल्याकडे आहेत.

ऑटो आयएसओमध्ये किमान शटर स्पीड १/१२५ ठरवून ठेवा, आणि मुले धावत असतील तेव्हा १/२५० किंवा १/५००. मग दर वेळी आकडे पाहावे लागणार नाहीत.

धागाकर्ती

दोन मीटर म्हणजे जवळजवळ दारापाशीच, जिथे मी पहिल्या दिवशी उभी होते. आज तिथूनच काढला. डोळे, सुई आणि बोटे तिन्ही आली. थोडा कापून ए४ आकारात छापायला दिला आहे.